पहिल्या चोरीची फिर्याद कुणी द्यायची?

आज अशा पुस्तकाबद्दल बोलायचंय, जे मी आपणहून कधीच हातात घेतलं नसतं.

मी वडोदऱ्यात राहते. गेली काही वर्षं माझं वाचन मोबाइलपुरतंच उरलं होतं, म्हणून वाचनालयाच्या रीडिंग चॅलेंजमध्ये नाव घातलं. एक कार्ड, बारा चौकटी, महिन्याला एक पुस्तक. जूनच्या चौकटीत होतं, 'शंभर वर्षांहून जुनी रहस्यकथा'. कपाटात विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' सापडली. १८६८ची, चांगली जाडजूड. वाटलं, दहा पानांत झोप येणार.

पण सुरुवातच श्रीरंगपट्टणमला! साल १७९९, टिपू सुलतानाचा पाडाव, शहरात लूट. रखवालदार मरून पडलेत आणि एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हातात रक्ताळलेला खंजीर आहे. त्याच्या मुठीत पिवळा हिरा. कथेप्रमाणे हा हिरा मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवाचा. सोमनाथ तर आमच्याच गुजरातेत! मी सरसावून बसले.

पुढे इंग्लंडात तो हिरा या अधिकाऱ्याच्या भाचीला अठराव्या वाढदिवशी मिळतो आणि त्याच रात्री गायब होतो. पहिला संशय कुणावर? घराजवळ दिसलेल्या तीन हिंदुस्थानी माणसांवर.

सांगण्याची पद्धत तर फारच मजेदार. एकच निवेदक नाही. 'रॉबिन्सन क्रूसो'त प्रत्येक अडचणीचं उत्तर शोधणारा म्हातारा कारभारी, धार्मिक पत्रकं वाटत फिरणाऱ्या मिस क्लॅक, असे एकेक जण फक्त स्वतः पाहिलेलं सांगतात. प्रत्येकाचं खरं थोडं अपुरं. तुकडे आपण जोडायचे. मूळ कादंबरी डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली होती, त्यामुळे 'अजून एकच प्रकरण' म्हणता म्हणता रात्रीचा एक वाजतो.

मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली. वाढदिवसाच्या रात्रीच्या चोरीसाठी लंडनहून नामांकित पोलीस अधिकारी येतो, घरभर चौकशी होते. श्रीरंगपट्टणमच्या चोरीची फिर्याद कुणीच देत नाही. मग हिरा नेमका कुणाचा? कॉलिन्स हा प्रश्न विसरलेला नाही, इतकंच सांगते. शेवट तुम्हीच वाचा. नावं पुष्कळ आहेत, सुरुवातीला कागदावर टिपून ठेवा.

तुमच्याकडे असं चॅलेंज नसेल, तर घरीच कार्ड करा. फक्त एक चौकट अशी ठेवा, जी तुम्ही एरवी टाळली असती. माझी जूनची चौकट तशीच होती.

भेटू पुढच्या भागात!