लोकलमधील प्रयोगशाळा

मुंबई परिसरातील तुमच्यापैकी कित्येकांना रोज लोकलने जावे लागते. हा वेळ कंटाळवाणा वाटतो, होय ना? पण घड्याळ, दोरा आणि खोडरबर एवढे साहित्य जवळ असले, की लोकलचा डबा म्हणजे एक फिरती प्रयोगशाळाच!

प्रथम गाडीचा वेग काढू. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली. विजेच्या तारा पेलणारे खांब खिडकीतून दिसतात. त्यांवर दोन आकडे असतात. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरातील खांबाचा. वरचा आकडा बदलताच घड्याळ पाहा. तो पुन्हा बदलेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागा. ७२ सेकंद लागले असतील, तर वेग ताशी ५० किलोमीटर!

आता दोऱ्याला खोडरबर बांधून तो हातात लोंबकळत धरा. गाडी सुटताना तो मागे झुकतो, वेग स्थिर असताना सरळ लोंबतो आणि ब्रेक लागताच पुढे झुकतो. असे का व्हावे? गाडीची गती बदलली, तरी खोडरबर आपली पहिली गती टिकवू पाहतो. यालाच जडत्व म्हणतात. २० सेंटिमीटर लांबीचा दोरा १ सेंटिमीटर मागे सरून स्थिरावला, तर गाडीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे विसाव्या भागाइतके, म्हणजे दर सेकंदाला सेकंदास अर्धा मीटर असते.

तुमचे शरीरही त्या खोडरबरासारखेच! धक्के मुख्यतः गाडीच्या दिशेने बसतात. म्हणून उभे राहताना तोंड खिडकीकडे करा आणि एक पाय पुढच्या डब्याच्या, दुसरा मागच्या डब्याच्या बाजूला ठेवा. पाया रुंद झाला, की तोल सहज सावरतो.

वळणावर मात्र शरीर सरळ जाऊ पाहते आणि आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो. आत असलो तर डब्याची भिंत अडवते. दारात लोंबकळणाऱ्याला अडवणारे काहीच नसते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडले व काहींना प्राण गमवावे लागले. तेव्हा आपले सारे प्रयोग आत बसून किंवा उभे राहूनच करा, आणि खांबांचे आकडे खिडकीतूनच वाचा.

आता तुम्हीच शोधा: दोन स्थानकांमध्ये तुमची गाडी सर्वांत वेगाने कोठे धावते?