शंभर दाणे, ओलं बारदान

मे सरत आला की वर्धा जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या गावांत कुठल्या ना कुठल्या ओसरीत ओल्या बारदानाची गुंडाळी दिसतेच. घरचं बियाणं पेरायचं, तर ते किती उगवेल हे तिफन वावरात जाण्याआधी कळायला हवं.

देवळी तालुक्यातल्या एका घरी हे काम मी जवळून पाहिलं. पुतण्या पोत्यातून दाणे काढत होता. “वरचं वरचं नको घेऊ, बुडातलंबी घे,” काकू म्हणाल्या. बुडाचं बी जमिनीची ओल धरतं, शिवाय एकेका पोत्याची तऱ्हा वेगळी. हात आपसूक गोल, चकचकीत दाण्याकडे जातो, त्याला आवरायचं. प्रत्येक दाण्याला निवडलं जाण्याची सारखी संधी मिळाली, तरच तो यादृच्छिक नमुना. साऱ्या चाचणीत मला हेच सर्वांत अवघड वाटतं. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणी प्रयोगांसाठी हाच आग्रह धरला: शेतातली जागा डोळ्यांनी नाही, यादृच्छिक अंकांवरून ठरवायची.

बारदानावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वर दुसरं ओलं बारदान घातलं, गुंडाळी करून सावलीत ठेवली. रोज पाण्याचा शिपका. आता यातले किती उगवतील? दहावीच्या पुस्तकातलं नाणं पडतं तेव्हा छापा आणि काटा समसंभाव्य असतात. दाण्याच्याही निष्पत्ती दोनच, उगवला किंवा नाही; पण त्या समसंभाव्य नाहीत. इथली संभाव्यता विचार करून सापडत नाही, मोजावीच लागते.

मोजताना काकू कडक. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तरच रोप धरायचं. वाकडं, तुटकं, बुरशीचं बाजूला. 68 भरले. सोयाबीनसाठी किमान उगवण 70 टक्के लागते. मग हे बियाणं नापास? तसं नाही. खरी उगवण अगदी 70 टक्के असलेल्या बियाण्यातून पुनःपुन्हा शंभर दाणे काढले, तरी शंभरातल्या साधारण 95 वेळा आकडा 61 ते 79च्या दरम्यान कुठंही पडेल. म्हणून तीन गुंडाळ्या करून सरासरी काढतात आणि प्रयोगशाळेत 400 दाणे लावतात. चौपट दाणे लावले की हा चढउतार निम्मा होतो. सरासरीही 68 आली, तर एकरी 30 किलोऐवजी 31 किलो पेरायचं. साठच्या खाली गेली, तर ते बियाणं पेरूच नये.

या हिशेबामागे एक गृहीत आहे: एका दाण्याचं उगवणं दुसऱ्यावर अवलंबून नाही, म्हणजे घटना स्वतंत्र आहेत. ते खरं असेल, तर 70 टक्क्यांच्या बियाण्याचे दोन-दोन दाणे टोकले की जागा रिकामी राहण्याची संभाव्यता 0.3 गुणिले 0.3, म्हणजे 0.09. शंभर जागांत नऊएक नांग्या. पण गुंडाळीतच एका कुजक्या दाण्याची बुरशी शेजाऱ्याला लागते. म्हणून दाणे सुटे मांडायचे. वावरात तर सगळ्यांचं नशीब एकत्र बांधलेलं. पेरणीनंतर पाऊस दडी मारतो, नाहीतर जोराच्या सरीनं काळ्या मातीचा वरचा थर आवळतो, आणि दोन्ही दाणे एकदमच जातात. तिथे गुणाकार लागू पडत नाही. 2020च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या. बारदानातला आकडा बियाण्याची ताकद सांगतो, पावसाची नाही. म्हणूनच 68 असोत की 85, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही आणि दाणा तीन-चार सेंटिमीटरहून खोल जाऊ द्यायचा नाही.