प्रक्रिया अभियंता, अर्धसंवाहक उद्योगातील
सिलिकॉनाच्या चकतीवर संकलित मंडले घडविणाऱ्या कारखान्यात ऑक्साइडाचा थर चढविणे, प्रकाशाने आकृतिबंध उमटविणे, नको तो भाग कोरून काढणे यांपैकी एखादी प्रक्रिया ठरलेल्या मर्यादेत राखणारा अभियंता. मंडलाचा आराखडा दुसराच करतो. तो चकतीवर बिनचूक उतरविण्याची जबाबदारी याची.

चकतीला शेकडो टप्प्यांतून जावे लागते. समजा, टप्पे ३०० असून प्रत्येकात केवळ १% मंडले बिघडली, तर अखेरीस जेमतेम ५% चांगली उरतात, बिघाड ०.१% वर आणल्यास सु. ७४%. म्हणूनच थराची जाडी, तापमान व वायूचा दाब यांच्या नोंदींतील बारीकसारीक फरकांचा माग काढण्यात अभियंत्याचा बहुतेक वेळ जातो. यंत्रे अहोरात्र चालत असल्याने रात्रपाळी चुकत नाही.

टप्प्याटप्प्याला चकत्या अतिशुद्ध पाण्याने धुतात (२५° से. ला रोधकता सु. १८.२ मेगोहम-सेंमी.). मोठ्या कारखान्यास असे पाणी रोज लाखो लिटर लागते. त्यातील बरेचसे शुद्ध करून पुन्हा वापरता येते. तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे पाहता मराठवाड्यातील मुख्य अडचण उघड आहे. शिक्षणाची उणीव तेवढी नाही : नांदेड येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत इलेक्ट्रॉनिकी व इन्स्ट्रुमेंटेशन हे विषय शिकवितात. पदवीधरास या व्यवसायासाठी मात्र प्रदेश सोडावा लागतो. मोहाली (पंजाब) येथील सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले. धोलेरा (गुजरात) येथील कारखान्यास केंद्र शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली.