पीजचा एक किलोवॅट

गुजरातेत नडियादजवळ पीज नावाचं गाव आहे. 1975 साली इथे दूरचित्रवाणीचा मनोरा उभा राहिला, तेव्हा मुंबई केंद्रालाही पुरती तीन वर्षं झाली नव्हती. पीजच्या प्रक्षेपकाची ताकद अवघी एक किलोवॅट. खेडा जिल्हा आणि आजूबाजूचा थोडा मुलूख, एवढीच त्याची हद्द. माझ्या मते पीजची सगळी गंमत या तोकडेपणात होती.

त्याच वर्षीच्या 1 ऑगस्टला ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता आणि त्यावरून सहा राज्यांतल्या 2400 गावांना कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. वर्ष सरलं, उपग्रह परत गेला, पडदे काळे झाले. पीज मात्र चालू राहिलं, कारण त्याचा प्रक्षेपक जमिनीवर होता आणि कार्यक्रम अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात, म्हणजे ‘इस्रो’च्या घरातच तयार होत होते.

चारशेहून अधिक गावांत मिळून सहाशेच्या वर सार्वजनिक संच बसवले गेले. ते ठेवायचे कुठे? सरपंचाच्या ओसरीवर ठेवले असते, तर कोण आत बसणार आणि कोण उंबऱ्याबाहेर उभं राहणार, हे वेगळं सांगायला नको. खेडा हा ‘अमूल’चा जिल्हा. गावोगावी दूध सोसायट्या होत्या आणि संध्याकाळी दूध घालायला सगळ्या जातींची माणसं, बायाही, एका रांगेत उभ्या राहत. बरेचसे संच या सोसायट्यांत गेले. कॅन रिकामा करून, फॅट लावून झालं की माणसं तिथेच टेकायची.

दिसायचं काय? भाषा गुजराती, तीही चरोतरची म्हणजे याच मुलखातली, कानाला ओळखीची. ‘चतुर मोटा’सारख्या मालिका निघाल्या. हुंडा, अस्पृश्यता, शेतमजुरांची किमान मजुरी असे अंगावर येणारे विषय त्यांनी टाळले नाहीत. कार्यक्रम करण्याआधी समाजशास्त्रज्ञ गावात जाऊन लोकांशी बोलत आणि दाखवून झाल्यावर पुन्हा विचारायला जात. कित्येकदा पडद्यावरचे नट गावातलेच असत. पुढे चित्रपटांत नाव काढलेले केतन मेहता हेही याच सुमारास अंतराळ केंद्रासाठी कार्यक्रम करत होते. विशेष म्हणजे जाहिराती नव्हत्या, त्यामुळे कुणा साबणवाल्याची मर्जी राखायची गरज नव्हती.

या उद्योगामागे एक मराठी माणूसही होता. ‘साइट’चे कार्यक्रम व्यवस्थापक, कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. 1981 साली ते अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक झाले. 1984 साली खेड्याच्या या प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, 1985 साली चिटणीसांना पद्मभूषण. आणि त्याच 1985 साली पीजचं स्थानिक केंद्र म्हणून चालणं संपलं. प्रक्षेपक मद्रासला हलवण्याचं ठरलं, तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. दूरदर्शनसाठी असं भांडायला उठलेली गावं आपल्याकडे फार नसावीत.

गंमत अशी, की तोवर देशभर छोट्या प्रक्षेपकांचं पेव फुटलं होतं. 1984 मध्ये तर दिवसाला एक, या वेगाने ते बसवले जात होते. बहुतेक अवघ्या शंभर वॉटचे, पीजहूनही दहा पटींनी लहान. आपल्या जिल्ह्याच्या गावांत टीव्ही आला तो यांच्याच मेहेरबानीने. पण ही नुसती सहक्षेपण केंद्रं होती: दिल्लीहून आलेलं उचलायचं आणि पुढे फेकायचं. कॅमेरा नाही, स्टुडिओ नाही. ‘हम लोग’ घरोघरी पोचलं, पण बाजूच्या गावातला बांधाचा तंटा किंवा बाजार समितीतला कांद्याचा भाव त्यावर दिसायची सोयच नव्हती. मनोरे शेकड्यांनी वाढले, पीजची पद्धत मात्र कुणी उचलली नाही. हा तंत्राचा दोष नव्हता, दिल्लीला हातातला माइक सोडवत नव्हता.

रेडिओच्या बाबतीत सरकारने पुढे हात जरा सैल सोडला. 2002 साली शिक्षणसंस्थांना आणि 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही शंभर वॉटपर्यंतच्या सामुदायिक नभोवाणीची परवानगी मिळू लागली. दूरचित्रवाणीच्या जमिनीवरून होणाऱ्या प्रक्षेपणाला अशी मुभा आजही नाही.