सेमाडोहचा उतार आणि दुखरी टाच

जानेवारीत मुंबईत 42.195 किलोमीटर धावून आलेल्या धावपटूचा दम दोनतीन आठवड्यांत परत येतो. टाचेमागची कंडरा मात्र मागेच राहते. स्नायूच्या मानाने तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिची दुरुस्ती संथ. छाती 'पळ' म्हणते, टाच तयार नसते. नेमक्या याच काळात दुखणं पुन्हा उलटतं.

नुसत्या विश्रांतीनेही कंडरा बळकट होत नाही, तिला मोजका भार लागतो. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला व्यायाम साधा आहे: पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून दुखरी टाच सावकाश खाली न्यायची. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा वाकवून. पंधरा-पंधराचे तीन फेरे, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. ओट्याची पायरीही चालते. मला या उपायाचं मोल फार वाटतं, कारण त्याला पैसा लागत नाही.

आता पळण्याच्या जागेकडे. सेमाडोह हे गाव सिपना नदीच्या खोऱ्यात आहे. चिखलदऱ्याकडचा चढ टाचेला ताणतो. उतरताना मांडीचे स्नायू लांबत लांबत भार झेलतात, गुडघ्यावरचा दाबही वाढतो. म्हणून सुरुवात गावालगतच्या सपाट रस्त्यावर करा, मिनिटभर पळणं आणि दोन मिनिटं चालणं अशी. हा परिसर व्याघ्रप्रकल्पाचा आहे, म्हणून पळायला झुंजुमुंजू नको, चांगलं उजाडू द्या.

पळताना किंचित दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळी टाच आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडली असेल तर भार कमी करा. हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, तर पळणं थांबवून थेट डॉक्टरांकडे जा.