घरातील पहिला महाविद्यालयीन विद्यार्थी

गोवा मुक्तीनंतर १९६२ साली पणजी व मडगाव येथे महाविद्यालये सुरू झाली आणि १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले. तरीही सत्तरी, सांगे, काणकोण अशा तालुक्यांतील कित्येक घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारे मूल आजही पहिलेच असते. घराला त्याचा अभिमान असतोच, परंतु भाताची कापणी आणि सत्रान्त परीक्षा बहुधा एकाच सुमारास येतात, आणि "चार दिवस शेतात आलास तर काय बिघडेल?" असा प्रश्न उभा राहतो. मुलीच्या बाबतीत लग्नाची बोलणी सुरू होतात.

यामागे शिक्षणाविषयी आकस नसतो. हजेरीची अट, चाचण्या, प्रात्यक्षिके हे सारे सत्रभर चालते, हे आईवडिलांना कोणी समजावून सांगितलेलेच नसते. म्हणून विद्यार्थ्याने सत्राच्या आरंभीच परीक्षांच्या तारखा आणि खर्चाचा अंदाज घरात मांडावा व कामाचे दिवस सर्वांच्या विचाराने ठरवावेत. जे जमणार नाही, ते नम्रपणे पण वेळीच सांगावे.

शिक्षण खंडित करण्याची वेळ आलीच, तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ठराविक अटींवर पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका आणि पुढे पुन्हा प्रवेश अशी तरतूद आहे. नाव काढून टाकण्यापूर्वी महाविद्यालयात याची चौकशी अवश्य करावी.

गावातील शिक्षकांनी अशा घरी एकदा जाऊन बसावे. मुलाने दहादा सांगूनही जे पटत नाही, ते गुरुजींच्या एका भेटीत पुष्कळदा पटते.