रायपूरच्या उन्हातला इन्सुलिन पंप

मे संपत आला की रायपुरात नवतपा लागतो. पारा कधी 45 अंशांपर्यंत जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि टाइप 1 मधुमेह असलेलं मूल ज्या घरात आहे, तिथे एक जास्तीची काळजी सुरू होते. कमरेच्या पंपातलं औषध तापलं तर? पंपात वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित इन्सुलिनच्या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटलंय, की 37 अंशांवर गेलेलं औषध टाकून द्यावं. नवतपात 37 अंश व्हायला दुपार उजाडावी लागत नाही.

पहिला पंप 1963 साली लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड केडिश यांनी तयार केला. तो पाठीवर वाहावा लागे. आजचा पंप खिशात मावतो. आत 3 मिलिलिटरची टाकी, म्हणजे 300 युनिट. तिथून एक बारीक नळी पोटाच्या कातडीखाली जाते आणि थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडते. नळीचा सेट साधारणपणे दोन-तीन दिवसांनी बदलायचा. जोडीला दंडावर किंवा पोटावर सेन्सर. हा रक्तातली साखर मोजतो असं सर्रास म्हटलं जातं, पण त्याचा तंतू असतो पेशींमधल्या द्रवात. त्यामुळे साखर झपाट्याने चढ-उतार करत असेल तेव्हा त्याचा आकडा काही मिनिटं मागे असतो. नव्या स्वयंचलित पंपांत सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा पाठवतो आणि पंप स्वतःच मात्रा कमी-जास्त करतो. तरी जेवणाची वर्दी माणसानेच द्यायची. छत्तीसगढसारख्या भातावर वाढलेल्या मुलखात ताटातल्या भाताचा अंदाज चुकला, तर यंत्र तरी काय करणार?

पंपाची खरी मेख मात्र वेगळी आहे. दिवसभर पुरणारं संथ इन्सुलिन या पद्धतीत नसतंच, फक्त जलद इन्सुलिन असतं. ते काही तासांत संपतं. घामाने चिकटपट्टी सुटली, झोपेत नळी मुडपली, की शरीरात साठा उरत नाही. थोड्याच तासांत रक्तात किटोन ही आम्लं वाढू लागतात आणि गाठ अतिदक्षता विभागाशी पडू शकते. म्हणून पंप असलेल्या घरात पेन किंवा सिरिंज हाताशी हवीच. सिरिंजही जपून निवडायची: भारतात साध्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा मिलिलिटरला 40 युनिटच्या, पंपातलं औषध 100 युनिटचं. 40 ची सिरिंज वापरून ते टोचलं, तर मात्रा थेट अडीचपट होते.

सेन्सरच्याही खोडी आहेत. रात्री त्यावर कूस पडली तर तो साखर उगाच कमी दाखवतो. लावल्यानंतरच्या पहिल्या दिवशी त्याचा आकडा पुरेसा पक्का नसतो. यंत्रही बिघडतं. 2020 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेडट्रॉनिक कंपनीच्या 600 मालिकेतल्या पंपांबाबत सर्वात गंभीर श्रेणीचा इशारा दिला. कारण काय, तर टाकी जागेवर धरून ठेवणारी प्लास्टिकची कडी तुटत होती. एवढ्याशा कडीने मात्रा कमी किंवा जास्त जाण्याचा धोका उभा राहिला.

पैशाचं गणित आणखी कडक. साध्या इन्सुलिनची 10 मिलिलिटरची बाटली दीडशे रुपयांच्या आसपास मिळते. सेन्सर चौदा दिवस चालतो आणि चार-पाच हजारांना पडतो; वर्षाला 26 सेन्सर, म्हणजे लाखाच्या वर. स्वयंचलित पंपाला काही लाख मोजावे लागतात, पण ते काही वर्षांतून एकदाच. घर थकवतो तो दर महिन्याचा खर्च: सेट, टाक्या, सेन्सर, औषध. पंप कुणी दान दिला तरी हा खर्च दान होत नाही, हे पंप देणाऱ्यांच्या लक्षात सहसा उशिरा येतं.

रायपूरहून रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटरवर नागपूर. तिथे डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू केला. गरीब घरांतल्या टाइप 1 मुलांना इन्सुलिन देणं हे त्याचं काम. ज्या मुलाच्या घरी बाटलीचीच भ्रांत, त्याच्यापुढे पंपाची चर्चा करणं क्रूरपणाचं वाटेल. पण केरळने ‘मिठाई’ योजनेतून सरकारी खर्चाने मुलांना पंप आणि सेन्सर दिले आहेत, तेव्हा हे फक्त श्रीमंतांचं खेळणं असंही म्हणता येत नाही.

मधली वाट बऱ्याच डॉक्टरांनी काढली आहे. सेन्सर वर्षभर न लावता अधूनमधून चौदा दिवस लावायचा, रात्रीची साखर कुठे घसरते आणि भातानंतर कुठे उसळते ते पाहायचं, त्यावरून पेनच्या मात्रा बसवायच्या आणि पुन्हा बोटाला सुई टोचून तपासायचं. सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याचा या घरांना थेट उपयोग आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरात काय किंवा टाटीबंधला एम्ससमोर नंबर लावून बसलेल्या बस्तरच्या कुटुंबात काय, दोन सेन्सरचे पैसे उभे राहिले तर एक पावसाळ्यासाठी ठेवावा आणि दुसरा नवतपासाठी.